जुनी बंदूक, नवा मुलामा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जुन्या मराठी वाड्याची वाटणी होताना माळ्यावरून एक स्नायडर-एनफिल्ड रायफल निघाली, आणि तिच्यावरून आमच्या ग्वाल्हेरात जो वाद पेटला तो ज्या रीतीने चालला आहे ती रीत मला पटत नाही. एक पक्ष म्हणतो, मिस्त्रीकडे द्या, फिरत्या चाकावर बफ मारून घ्या, नळीला नवं ब्ल्यूइंग, म्हणजे निळसर-काळी झाक, दस्त्याला नवं पॉलिश, आणि काचेच्या पेटीत घालून दिवाणखान्यात लावा. पूर्वजांची वस्तू अशी भिकार अवस्थेत ठेवायची का? दुसरा म्हणतो, बोटसुद्धा लावू नका, एकदा हात लावला की जाणकार गिऱ्हाईक पाठ फिरवतं. पहिला पक्ष अभिमानाने बोलतो, दुसरा बाजारभावाने. दोघंही तावातावाने बोलतात, आणि त्या गडबडीत प्रत्यक्ष बंदुकीकडे कुणी नीट पाहिलेलंच नसतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुनी लष्करी रायफल कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखी करायला जाणं ही चूक आहे, आणि ती चूक बहुतेक वेळा दुरुस्त करता येत नाही. पण तिच्यावरचा जिवंत गंज तसाच राहू देणं हीदेखील जपणूक नव्हे, तो आळस आहे. ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांच्या बाजूचा मी आहे, पण त्यांच्या कारणांसाठी नाही. किमतीचा मुद्दा तर मला ऐकवतही नाही. उद्या बाजाराची आवड पालटली आणि चकचकीत बंदुकांना दुप्पट भाव येऊ लागला, तर हे लोक स्वतःच पॉलिशचा डबा उघडून बसतील.

खरं कारण वेगळं आहे. लष्करी रायफल हा मुळात एकसारखेपणाचा पदार्थ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमधल्या एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात यंत्रांवर सुटे भाग बनू लागले ते याचसाठी, की एका बंदुकीचा भाग दुसरीला बसावा. पुढे ली-एनफिल्ड, म्हणजे आपली थ्री-नॉट-थ्री, तर लाखांनी बनली. बंगालमधल्या ईशापूरलाही बनली. कारखान्याच्या दारातून बाहेर पडताना या हजारो बंदुकांमध्ये क्रमांक सोडला तर वेगळं असं काही नव्हतं. वेगळेपण आलं ते नंतर. कुठल्या पलटणीला गेली, किती वेळा दुरुस्तीला आली, कुठला भाग बदलला, कुणी दस्त्यावर काय कोरलं, हे सगळं तिच्या अंगावर उमटत गेलं. ती पुन्हा ‘नवी’ करायची म्हणजे तिला अशा दिवसाकडे परत पाठवायचं, ज्या दिवशी तिला इतिहासच नव्हता. मग पूर्वजांचा अभिमान नेमका कशाचा बाळगायचा? त्यांनी तर ती त्या दिवशी पाहिलीही नव्हती.

या खुणा म्हणजे काही गूढ गोष्ट नाही. एनफिल्ड घराण्यातल्या जुन्या बंदुकीच्या कळपट्टीवर, म्हणजे घोड्याजवळच्या लोखंडी पट्टीवर, मुकुट असतो, वर्ष असतं, ‘टॉवर’ किंवा ‘एनफिल्ड’ अशी अक्षरं असतात. सरकारी मालाचा बाण असतो. त्या बाणाखाली इंग्रजी ‘आय’ असेल तर ती हिंदुस्थानच्या खात्यातली. थ्री-नॉट-थ्रीच्या दस्त्यात एक पितळी चकती बसवलेली असते आणि तिच्यावर पलटणीची अक्षरं व रॅकमधला क्रमांक ठोकलेला सापडतो. हे ठसे किती खोल असतात? काहींची खोली नखालाही जेमतेम लागते. बफचं चाक फिरलं की आधी कडा गोलावतात, मग अक्षरं बुजतात, मग नुसता आरसा उरतो. लाकडाला सँडपेपर मारला की दस्त्यावरचे कारखान्याचे गोल शिक्के पहिल्या फेरीतच जातात. मोडी कागदावरची शाई पुसट झाली म्हणून कुणी टाकाने नव्या शाईत अक्षरं गिरवून ठेवली, तर आपण त्याला इतिहासप्रेमी म्हणू का? बंदुकीच्या बाबतीत मात्र हेच करणाऱ्याला ‘हातात कला आहे’ म्हणतात.

धातूवरचा इतिहास कसा पुसला जातो याचा धडा खरं तर ग्वाल्हेरकरांना वेगळा द्यायला नको. २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूर आणि पनिहार इथे एकाच दिवशी इंग्रजांशी दोन लढाया झाल्या आणि शिंद्यांचं सैन्य हरलं. जिंकणाऱ्यांनी हाती लागलेल्या तोफांचं काय केलं? काही वितळवून त्या धातूची सहा टोकांची पदकं पाडली आणि आपल्या सैनिकांच्या छातीवर लावली; ‘ग्वाल्हेर स्टार’ म्हणून ती आजही संग्राहकांच्या हाती फिरतात. कोलकात्यात हुगळीच्या काठी उभारलेल्या स्मारकातही त्या तोफांचा धातू गेला. महादजींच्या काळात आग्र्याला तोफा ओतण्याचा मोठा कारखाना होता. त्यातली एखादी तोफ महाराजपुरात होती का, तिच्यावर ओतकाराची काय खूण होती, हे आता त्या पदकांना विचारून कळणार नाही. शत्रूने केलं म्हणून आपल्याला ते सलतं. आपण आपल्या हाताने, प्रेमाने, बाजारातून बफ भाड्याने आणून तेच करतो तेव्हा सलत नाही.

आता ‘मूळ अवस्था’ या शब्दाच्या जोरावर भांडणाऱ्या दोन्ही पक्षांना माझा एक प्रश्न आहे. मूळ म्हणजे कधीची? वादातली ती स्नायडरच घ्या. तिचा जन्म बहुधा १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड म्हणून झाला असेल. तोंडातून ठासायची ती बंदूक, जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांचं नाव १८५७ शी कायमचं जोडलं गेलं. १८६६ पासून इंग्रजांनी जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाची युक्ती उचलली आणि नळीचा मागचा भाग कापून तिथे बिजागरीचं झाकण बसवलं. मिनिटाला दोन-तीन बार काढणारी बंदूक दहाच्या आसपास काढू लागली. म्हणजे या बंदुकीला मालकाने नाही, सरकारनेच कापली. तिला ‘मूळ’ करायचं तर कापलेली नळी पुन्हा जोडायची की काय? एवढा अविचार कुणी करणार नाही हे मलाही कळतं. पण एकदा हे मान्य केलं, की बदलसुद्धा बंदुकीच्या चरित्राचा भाग असतो हेही मान्य करावं लागतं, आणि मग प्रश्न उरतो तो एवढाच की कुठला बदल काय सांगतो.

काही बदल फार मोठं सांगतात. १८५७ नंतर इंग्रज सरकारने देशी शिपायांसाठी दिसायला एनफिल्डसारख्याच, पण आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. नळीतल्या पेचांशिवाय गोळी लांबवर नेम धरून जात नाही. शिपायाचा पल्ला गोऱ्या सोल्जरपेक्षा कमी राहावा, हाच हेतू. पुढे स्नायडर मिळाली तीही गोऱ्या पलटणींकडे मार्टिनी-हेन्री ही नवी रायफल आल्यावर. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या रणात गोरी ६६ वी पलटण मार्टिनीने लढत होती आणि शेजारी मुंबई लष्कराचे ग्रेनेडियर्स स्नायडरने. विसाव्या शतकातही हा संशय गेला नव्हता. ईशापूरला थ्री-नॉट-थ्रीच्या नळीतले पेच काढून तिची .४१० ची एकबारी मस्केट बनवली गेली, आणि मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा ठोकून दिला गेला. पोलीस आणि पहारेकऱ्यांच्या हाती द्यायला. आज अशी मस्केट कुणाला मिळाली की तो पहिलं काम काय करतो? तो ओंगळ ठोकळा उपटून टाकतो आणि मॅगझिन बसवून तिला ‘खरी’ थ्री-नॉट-थ्री करतो. राज्यकर्त्यांना आपल्याच शिपायावर किती भरवसा होता याचा लाकडी पुरावा त्याने कचऱ्यात फेकलेला असतो, आणि वर म्हणतो, रिस्टोअर केली.

विरुद्ध बाजूचा सगळ्यात जोरकस मुद्दा मात्र मला मान्य आहे, आणि तो अर्धवट नाही, पूर्ण मान्य आहे. निवृत्त फौजी मंडळी विचारतात, कुठल्या जवानाने आपल्या रायफलीवर गंज चढू दिला असता? परेडला बोटभर तांबूस डाग दिसला तर शिक्षा व्हायची. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतले क्षार नळी खात, म्हणून गोळीबारानंतर उकळतं पाणी नळीतून ओतायची, मग पुसून तेल द्यायची सवय त्यांच्या अंगात भिनलेली. लाकडाला जवसाचं तेल चोळून चोळून चढवलेली झाक हा त्यांच्या हातांचाच ठसा. तेव्हा गंज म्हणजे काही इतिहास नव्हे. गंज ही आमच्या माळ्याची, गळक्या कौलांची आणि चार पिढ्यांच्या बेफिकिरीची कमाई आहे. इकडे भर उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि महिन्याभरात पावसाची ओल येते. लाकूड आटतं, फुगतं, आणि लोखंडाशी त्याची सांधेजोड सुटते. या सगळ्याला ‘पॅटिना’, म्हणजे काळाने चढवलेली झाक, असं गोंडस नाव देऊन शोकेसमध्ये सडत ठेवणाऱ्यांची मला चीड येते.

पण म्हणून चाक फिरवायचं का? लोखंडावरचा गंज एकाच प्रकारचा नसतो, आणि सगळी मेख इथेच आहे. तांबूस, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज ओल धरून ठेवतो आणि खाली खात जातो. तो थांबवलाच पाहिजे. गडद तपकिरी किंवा काळा, घट्ट बसलेला थर मात्र बहुतेक वेळा स्थिर असतो. हलकं तेल, अतिबारीक स्टीलवूल आणि भरपूर वेळ एवढ्यावर पहिला निघतो आणि दुसरा राहतो. सुटे केलेले लोखंडी भाग शुद्ध पाण्यात उकळले तर लाल गंजाचं काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होतं. जुन्या कारागिरांची ब्ल्यूइंगची पद्धतही याच रसायनावर चालायची. वर संग्रहालयवाले वापरतात तसलं सूक्ष्मस्फटिकी मेण, जे नको असेल तेव्हा काढता येतं. यात ठसा बुजत नाही, कडा झिजत नाही. याला वेळ लागतो, आणि शेवटी बंदूक जुनीच दिसते. अडचण खरी तिथे आहे: जुनी वस्तू जुनी दिसलेली आपल्याला चालत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या परंपरेचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जीर्ण झालेलं पुन्हा उभं करणं हे आपल्याकडे पुण्यकर्म. अहिल्याबाईंनी काशी विश्वेश्वराचं मंदिर १७८० मध्ये पुन्हा बांधलं नसतं तर? इंदूरचा राजवाडा १९८४ च्या दंगलीत जळाला. नंतर जळका भाग जुन्या धर्तीवर बांधून काढला. तो जळका सांगाडाच जपायला हवा होता असं कुणी इंदूरकर म्हणेल? नाही म्हणणार, आणि बरोबरच आहे. पण मंदिरात पूजा चालते, राजवाड्यासमोर शहर नांदतं. ती जागा वापरात राहावी म्हणून ती उभी करावी लागते. माळ्यावरच्या स्नायडरने आता काय काम करायचं आहे? लढाई नाही, शिकार नाही, पहाराही नाही. तिच्याकडे उरलेलं एकमेव काम साक्ष देण्याचं. साक्षीदाराला नवे कपडे घालायला हरकत नाही, पण त्याची जबानी बदलून कशी चालेल?

शिवाय वास्तूंच्या बाबतीतही हे प्रकरण वाटतं तितकं सरळ नाही. आपल्या किल्ल्यावरचं तेली का मंदिर पाहा. १८५८ नंतर किल्ला इंग्रजी फौजेकडे गेला तेव्हा त्या मंदिरात सोडावॉटरचा कारखाना आणि कॉफीचं दुकान चाललं होतं. १८८१ ते १८८३ दरम्यान मेजर कीथ या इंग्रज अधिकाऱ्याने ते सगळं हटवून मंदिर सावरलं, त्याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत. प्रत्येक थर जपण्याच्या लायकीचा असतो असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्याच वेळी समोर एक नक्षीदार दरवाजाही उभा राहिला, आणि आज येणारा दर दुसरा पर्यटक तो मंदिराइतकाच प्राचीन समजून फोटो काढतो. पुढे पुरातत्त्व खात्याने शहाणपण शिकलं. खात्याचे तेव्हाचे प्रमुख जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये खात्याला घालून दिलेल्या नियमांत हे स्पष्ट आहे, की आपलं पहिलं कर्तव्य नवं करण्याचं नसून राखण्याचं आहे. ग्वाल्हेर संस्थानचं स्वतःचं पुरातत्त्व खातं होतं, मो. ब. गर्दे यांच्यासारखा मराठी माणूस ते चालवत होता. म्हणजे हा विचार काही परदेशातून आजच आयात झालेला नाही. इथल्या दगडांवर तो शंभर वर्षांपासून लागू आहे, आणि लोखंडालाच काय तो अजून लागू व्हायचा आहे.

लोखंडाचं नशीब तर दसऱ्याला ठरतं. शस्त्रपूजन आमच्या घरांत निष्ठेने होतं आणि व्हावंही. पण त्याच्या आदल्या दिवशी मागच्या अंगणात जे चालतं ते पाहिलं की पोटात गोळा येतो. चिंच, लिंबू, राख, आणि आता त्यांच्या जोडीला बाटलीतलं मेटल पॉलिश. मुठीवरचं कोफ्तगिरीचं सोनं म्हणजे लोखंडावर ठोकून बसवलेली केसाएवढी तार. ती वर्षावर्षाने झिजत जाते आणि एका पिढीत मूठ गोरीमोरी होते. भक्तीने झालेलं नुकसान असल्यामुळे कुणाला बोलताही येत नाही. शस्त्राला गंध-फूल वाहायला ते चकाकलंच पाहिजे असा नियम कुठल्या पोथीत आहे? कोरड्या मऊ फडक्याने पुसून हळद-कुंकू शेजारी पाटावर वाहिलं तर देवी कोपणार आहे का? (हळदीकुंकवाचा ओला सडा थेट लोखंडावर घालणाऱ्यांविषयी मी काही लिहीत नाही, त्यांत आमचे नातेवाईक बरेच आहेत.)

आणखी एक मुद्दा व्यवहाराचा. लोक म्हणतात, चकचकीत केली तर मुलं सांभाळतील; काळवंडलेली राहिली तर पुढच्या वाटणीत भंगारात जाईल. हे खरं आहे, आणि भंगारापेक्षा बफ बरा हेही मी कबूल करतो. वस्तू ज्याची त्याचा हक्क, हेही कबूल. पण आपल्या मुलांना फक्त चकाकीच कळते हे कुणी ठरवलं? त्या बाणाखालच्या अक्षराचा अर्थ, त्या बिजागरीची गोष्ट, त्या लाकडी ठोकळ्यामागचा संशय, हे कुणी त्यांना कधी सांगून पाहिलं? एक भिंग हातात द्या आणि कळपट्टीवरचं वर्ष शोधायला सांगा. त्यातूनही पोराला बंदूक भंगारच वाटली, तर ती संग्रहालयाला द्यावी. नव्या पॉलिशने त्याचं मन बदलणार नव्हतंच.

‘पुन्हा चालू करू या’ म्हणणाऱ्यांशी वाद घालायची तर गरजच नाही, त्यांच्याशी कायदाच बोलेल. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या नमुन्याच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही चालवता येणार नसेल तरच. परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणं हा वेगळा गुन्हा. चंबळच्या या टापूत लायसन्सच्या बंदुकीचं कौतुक किती आहे ते सर्वांना ठाऊक आहे. निवडणूक आली की ठाण्यात बंदुका जमा करायला रांग लागते. अशा ठिकाणी दीडशे वर्षांच्या लोखंडात बार भरून पाहायची हौस पुरवणारा मिस्त्री मिळेलही. पण मग वारसा जपला असं म्हणू नये. घोडा ओढल्याचा आवाज, झाकण उघडण्याची लकब मुलांना दाखवायची असेल तर लाकूड-लोखंडाची न चालणारी प्रतिकृती बनवून घ्यावी, तीवर खुशाल बफ मारावा.

खरं सांगायचं तर एका वाड्यातल्या एका स्नायडरचा प्रश्न लहान आहे. मोठा प्रश्न दारात उभा आहे आणि त्यावर कुणी भांडत नाही. थ्री-नॉट-थ्री देशभरच्या पोलीस ठाण्यांतून निघून चालली आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनी तिला रीतसर निरोपही दिला. निघालेल्या बंदुका नष्ट होतात, ते सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे. पण चंबळच्या खोऱ्यात ही बंदूक पोलीस आणि दरोडेखोर अशा दोन्ही बाजूंच्या हातात होती. एप्रिल १९७२ मध्ये जौऱ्याला जयप्रकाशांच्या समोर मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्या साथीदारांनी शस्त्रं खाली ठेवली. त्या ढिगातली एखादी रायफल आज कुणाला मिळाली, तर तिला ईशापूरच्या तारखेला नेऊन नवी करायची की जौऱ्याच्या तारखेला ठेवायची? याचं उत्तर द्यायला तज्ज्ञ लागत नाही. ग्वाल्हेर, भिंड, मुरैना या जिल्ह्यांतल्या ठाण्यांमधून निकामी केलेल्या काही रायफली तरी पट्ट्यासकट, रॅकच्या क्रमांकासकट, जशा आहेत तशा गुजरी महालाच्या संग्रहालयात याव्यात. त्यांच्याबरोबर कोतातली, म्हणजे ठाण्याच्या शस्त्रकोठीतली, वितरणाची रजिस्टरंही यायला हवीत, कारण कुठला क्रमांक कुठल्या हवालदाराच्या नावावर कुठल्या रात्री बाहेर गेला हे लोखंडावर लिहिलेलं नसतं, आणि ठाण्याची साफसफाई निघाली की रद्दीच्या गाडीत पहिलं तेच पडतं. पोलीस मुख्यालय आणि पुराभिलेख खात्याने बसून कुठल्या ठाण्यांची रजिस्टरं आधी उचलायची ते या पावसाळ्याआधी ठरवावं.